आधी 'डकवर्थ' ऐका, मग अहिराणीचं बोलू

खान्देशातला वाद इथं अमेरिकेतही फोनवरून पोचतो. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोटींनी पाहिली जातात, धुळे-नंदुरबारकडच्या वरातींत तीच वाजतात. जाणती माणसं म्हणतात, बोलीचा पार डीजे करून टाकला. दुसरी बाजू म्हणते, पोरं अहिराणी गातायत तरी. आता अहिराणीत रॅप, म्हणजे तालावर झरझर बोलत म्हणायची गाणी, करणारी पोरंही आलीयत, त्यामुळे भांडण आणखी तापलंय. दोन्ही बाजू निवाडा करतात तो मात्र सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यावरून, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

केंड्रिक लामार या अमेरिकन रॅपरचंच घ्या. 2017 चं 'हंबल' सगळ्यांना माहीत असतं. पियानोचे मोजके सूर, दणदणीत ठोके, छाती काढून म्हटलेल्या ओळी. तेवढंच ऐकलं तर रॅप म्हणजे फुशारकी, हे मत पक्कं होतं. त्याच 'डॅम' अल्बमचं शेवटचं, चौदावं गाणं 'डकवर्थ'. चार मिनिटांच्या आसपासचं. वरातीत ते कुणी लावणार नाही.

त्यात केंड्रिकच्या वडिलांची खरी गोष्ट आहे. ते तळलेल्या कोंबडीच्या दुकानात खिडकीवर काम करायचे. दुकान लुटायच्या बेतात असलेला अँथनी रांगेत दिसला, की ते त्याला कोंबडी फुकट द्यायचे, वर दोन बिस्किटं जास्त. इथलं बिस्किट चहात बुडवायचं नव्हे. लोणी घातलेला, पावासारखा मऊ गोळा. त्या दोन गोळ्यांनी वडिलांचा जीव वाचला. पुढे त्याच अँथनीनं टॉप डॉग एंटरटेनमेंट ही गाण्यांची कंपनी काढली आणि त्याच माणसाच्या मुलाला, म्हणजे केंड्रिकला, संधी दिली. गोष्ट चालू असताना मध्ये धृपद येत नाही. नाइंथ वंडर या संगीतकारानं खालचा बीट, म्हणजे तालाचा साचा, मात्र मधेच बदललाय.

ऐकताना इयरफोन लावाच, फोनच्या स्पीकरवर खालचा बेस ऐकूच येत नाही. पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. एक ते चार मोजत राहा आणि बीट कुठं बदलतो तेवढं पकडा. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. शेवटी गोळीचा आवाज होतो, सगळा अल्बम टेप उलटी फिरवावी तसा मागे पळतो आणि पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीवर येऊन थांबतो. गाणी उलटसुलट क्रमानं लावलीत तर हे कळणारच नाही. डिसेंबर 2017 मध्ये हाच अल्बम उलट्या क्रमानं पुन्हा काढला, तो यामुळेच.

या अल्बमला 2018 मध्ये संगीताचं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेरच्या संगीताला ते पहिल्यांदाच गेलं. भाषा कॉम्प्टनच्या, म्हणजे केंड्रिकच्या गावच्या, गल्लीतलीच राहिली, धुऊनपुसून घेतलेली नाही. म्हणून अमेरिकेला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळानं हीच काळ्या लोकांची बोली शिकवण्यात जमेस धरायचं ठरवलं, तर देशभर गदारोळ झाला होता. आपल्याकडं असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी 1952 मध्ये पुस्तकात आली, ती खान्देशातल्याच लेवा बोलीत. आणि तरी मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाल्यावर 'शे' म्हणणाऱ्या पोराला 'आहे म्हण' असं दटावणारी माणसं आहेतच. हे मला खुपतं.

रॅप करणाऱ्या पोरांना मात्र थोडं कामाचं सांगायचंय. मिनिटाला 90 ठोक्यांचा बीट घेतला तर सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार) म्हणजे 64 ठोके, साधारण 43 सेकंद. एका बारमध्ये आठ ते बारा अक्षरं निवांत बसतात. हिंदी रॅपची ओळ उचलून अहिराणीत भाषांतर केली की अक्षरं वाढतात, श्वास तुटतो आणि शेवटचा शब्द ठोक्याच्या मागे पडतो. अहिराणीतच विचार केला तर बोली मदत करते: 'आहे'ची दोन अक्षरं, 'शे'चं एकच. जात्यावर बाई गाते तेव्हा शब्द लांबवते, आखडते, पण फेरा थांबवत नाही. हिशोब तोच आहे. दुसरा घोळ यमकाचा. 'जाई ऱ्हायना, खाई ऱ्हायना, बोली ऱ्हायना' (जातोय, खातोय, बोलतोय) हे यमक फुकटचं, प्रत्येक ओळीत तोच शब्द येतो. यमक नामात शोधा: आंडोर (मुलगा) आणि ढोर एका ओळीत आणून बघा, गोष्ट आपोआप घरात शिरते.

मिक्स करताना, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवताना, गाणाऱ्याच्या आवाजाला जागा ठेवा. शब्द स्पष्ट ऐकू येतात त्या पट्ट्यात, साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झमध्ये, बाकीची वाद्यं दोन-तीन डेसिबल खाली घ्या, नाहीतर वरातीच्या स्पीकरवर वाद्यांच्या धडाक्यात शब्द बुडतात आणि लोक म्हणायला मोकळे, की यात शब्दच नाहीत. मग ते गाणं स्वस्तातल्या फोनवर घरातल्या आजीला ऐकवा. तिला कुठला शब्द कळला नाही ते विचारा आणि तेवढीच ओळ पुन्हा रेकॉर्ड करा. 'ऱ्हायना'चं 'राहिला' मात्र करू नका.