पिंपळाला ऑक्सिजनचा सिलिंडर समजू नका

उन्हाळा लागला की हा फॉरवर्ड परत उगवतो. यंदा आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मावशीकडून, मग शाळेच्या मित्रांकडून. मजकूर साधारण असा: पिंपळ 100 टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, वड 80 टक्के, कडुलिंब 75 टक्के. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो. दर 500 मीटरवर एक पिंपळ लावा, काही वर्षांत देश प्रदूषणमुक्त. खाली हात जोडलेले.

पिंपळ मलाही आवडतो. म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेलं हे सगळं वाचवत नाही.

आधी रात्रीचा ऑक्सिजन. पानात ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याचा रेणू फुटून, आणि तो फोडायला उजेड लागतो. अंधार पडला की ते काम थांबतं. श्वसन चालूच राहतं. म्हणजे रात्री पिंपळ आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. निवडुंग, कोरफड अशा वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडतात हे खरं, पण त्या कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात. ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच. (चिंचेखाली झोपलं की माणूस गुदमरतो, हे याचं दुसरं टोक. तेही खोटं.)

टक्केवारी तर मजेशीर आहे. 100 टक्के म्हणजे कशाचे, हे लिहिलेलंच नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम 0.04 टक्के. तेवढाही सगळा एका झाडाने संपवला, तर पहिलं उपाशी मरेल ते झाडच.

बरं, आपल्याला ऑक्सिजन कमी पडतोय का? हवेत तो 21 टक्के आहे, भर वाहतुकीच्या चौकातही जवळपास तेवढाच. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात साधारण 5,900 लिटर ऑक्सिजन असतो आणि एका माणसाला दिवसाला लागतो सुमारे 550 लिटर. (खोली बंद करून प्रयोग करू नका, कार्बन डायऑक्साइड त्याच्या खूप आधी गाठेल.) 2021मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पिंपळाखाली बसण्याचे सल्ले फिरत होते. तेव्हा कमी पडत होता तो फुफ्फुसातून रक्तात जाणारा ऑक्सिजन. हवेतला नव्हे.

प्रदूषणाचं थोडक्यात: छातीला त्रास देते ती बारीक धूळ आणि धूर. पानं त्यातलं काही अडवतात, पण अरुंद रस्त्यावर दाट छत असेल तर गाड्यांचा धूर उलट खालीच कोंडतो.

मग झाडांचा आणि तब्येतीचा संबंध काय? मे महिन्यात दुपारी एखादा सिग्नल बघा. स्टॉप लाइन मोकळी असते आणि दुचाकीवाले वीस पावलं मागे, पर्जन्यवृक्षाच्या सावलीत दाटीवाटीने थांबलेले असतात. हिरवा लागला तरी शेवटच्या क्षणापर्यंत कुणी पुढे सरकत नाही. या लोकांना फॉरवर्डची गरज नाही. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासात झाडांच्या रस्त्यावर दुपारची हवा बिनझाडांच्या रस्त्यापेक्षा 5.6 अंशांपर्यंत जास्त थंड भरली होती, आणि डांबर तर 27.5 अंशांपर्यंत जास्त थंड. सावली हे एक कारण. पानांतून उडून जाणारं पाणी हे दुसरं. 16 एप्रिल 2023ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण गेले. तिथे ऑक्सिजन 21 टक्केच होता.

अमेरिकेत तर उलटा प्रयोग आपोआप घडला. एका हिरव्या भुंगेऱ्याने अ‍ॅश जातीची सुमारे दहा कोटी झाडं मारली. 2013मध्ये संशोधकांनी 15 राज्यांतल्या 1990 ते 2007च्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. भुंगेरा पोचलेल्या जिल्ह्यांत हृदयविकाराचे सुमारे 15,000 आणि श्वसनविकाराचे 6,000 मृत्यू जास्तीचे निघाले. हा संबंध आकडेवारीतला आहे, थेट कारण सिद्ध झालेलं नाही. तरी आपल्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भक्कम.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. ऑक्सिजनचा हिशोब धरला की एक झाड बरोबर एक झाड होतं. रुंदीकरणात जुना वड गेला तर काय बिघडलं, गावाबाहेर दहा रोपं लावू! रोपाखाली भाजीवाली बसू शकत नाही. राज्याच्या 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021ला दुरुस्ती झाली आणि 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं गेलं. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची. ठीक आहे, पण त्या गल्लीची सावली पुढची वीस-तीस वर्षं कोण देणार?

पिंपळ लावाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळून ऐन उन्हाच्या आत तो तांबूस पालवीने भरतो. फक्त भिंतीपासून लांब लावा, मुळं इमारत सोडत नाहीत. आणि आहे त्या झाडाकडे एकदा खाली वाकून बघा. आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला ठेकेदाराने पेव्हर ब्लॉक पार बुंध्यापर्यंत भिडवले होते. रविवारी आम्ही चौघांनी पहारीने दोन रांगा उचकटून आळं केलं. खालची माती कोरडीठाक, विटेसारखी कडक. पाच बादल्या पाणी ओतलं, पहिल्या दोन तर आत जायलाच तयार नव्हत्या.