कामं काढून घेणारं प्रेम

“राहू दे आई, तुझ्या नाही लक्षात राहायचं.” घराघरात हे वाक्य मायेनेच बोललं जातं. दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर लावणं, गोळ्यांच्या वेळा, एकेक काम आपण तिच्याकडून काढून घेतो. मग तीच म्हणू लागते, “वय झालं गं, आता डोक्यात काही राहत नाही.” या मायेची मला खरंच भीती वाटते.

आपली स्मरणशक्ती आपल्या हातात आहे की नाही, याबद्दल माणूस काय मानतो, या विषयावर अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्गी लाकमन यांनी अनेक वर्षं काम केलंय. कॅरी अँड्रिओलेटी यांच्यासोबतचा त्यांचा २००६चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. गटवारी करता येईल अशा शब्दांची यादी लोकांना लक्षात ठेवायला दिली होती. आपली स्मरणशक्ती बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे असं मानणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्कर मंडळींनी शब्दांची गटवारी जास्त केली, आणि त्यांना शब्दही जास्त आठवले. म्हणजे नुसत्या विश्वासाने काही होत नाही, पण विश्वास असला की माणूस युक्ती लढवतो. भाज्या एकीकडे, किराणा एकीकडे, असं मनात लावून घेतो. पदराला गाठ मारणाऱ्या आपल्या आज्या हेच तर करायच्या! ‘आता काही उपयोग नाही’ असं एकदा मनाने घेतलं की गाठ मारायची तरी कशाला?

हे उलट्या बाजूनेही चालतं, हे मान्य. विसरायला व्हायला लागलं की विश्वासही डळमळतो. आणि रोजच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं असं होत असेल तर सरळ डॉक्टरांकडे न्या. तिथे “जरा मनावर घे” म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

पण चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, एवढ्यावरून कुणाला निकालात काढू नका. १९७६मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात काही जणांना स्वतःचे छोटे निर्णय घ्यायला दिले, एकेक रोप सांभाळायला दिलं. तीन आठवड्यांत ती मंडळी इतरांपेक्षा जास्त सजग आणि उत्साही दिसली. तिथे स्मरणशक्ती मोजली नव्हती, पण हातात काही असण्याने माणसात काय फरक पडतो ते दिसलंच.

म्हणून सांगते, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा तिलाच भरू द्या. तुम्ही नंतर एकदा नजर टाका. आणि नाव आठवताना ती अडखळली तर लगेच सांगू नका, थोडं थांबा.