डेटाबेस व्हीएमवर, जबाबदारी वाऱ्यावर

प्रॉडक्शनचा, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाचा डेटाबेस व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे खऱ्या मशीनच्या पोटातल्या आभासी संगणकावर) न्यायचं ठरवलंत, झकास! आता होस्टच्या, म्हणजे त्या खऱ्या मशीनच्या, रॅमचा हिशेब आधी विसरा. १२८ जीबीच्या होस्टवर ३२-३२ जीबीच्या सहा व्हीएम खुशाल थाटा. बेरीज १९२ भरते, पण बेरीज मागतंय कोण? टंचाई आलीच तर बलून ड्रायव्हर, म्हणजे होस्टसाठी मेमरी परत मिळवणारा प्रोग्रॅम, गेस्टच्या (व्हीएमच्या) आत फुगत जाईल आणि मेमरी काढून घेईल. पोस्टग्रेस हा डेटाबेस आपल्या बफरच्या (मेमरीत हाताशी ठेवलेल्या डेटाच्या) भरवशावर निवांत, आणि ते बफर एव्हाना स्वॅपमध्ये, म्हणजे संथ डिस्कवर. व्हीएमची मेमरी राखून ठेवणारी रिझर्व्हेशन नावाची सोय आहे म्हणे. पण ती वापरली तर उधळपट्टीची मजा काय राहिली?

क्वेरी अधूनमधून अडखळू लागली की डेव्हलपरला इंडेक्स तपासायला बसवा. टॉप या कमांडमधल्या 'एसटी'च्या (स्टील, म्हणजे हिरावलेल्या सीपीयू वेळेच्या) आकड्याकडे मात्र ढुंकूनही पाहू नका. आपल्या वाट्याचा सीपीयू शेजारची व्हीएम खातेय हे कळलं, तर डेव्हलपरला बोल कसा लावणार?

खरी कमाई डिस्कमध्ये आहे. डेटाबेस हा मुळात संशयी प्राणी. कमिट केलं (व्यवहार पक्का केला) की एफसिंक करतो, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर लिही' असा हट्ट धरतो, आणि डेटा खरंच डिस्कवर पोचल्याचा निरोप येईपर्यंत पुढे सरकत नाही. त्याची ही खोड मोडायला क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचा कॅश मोड 'अनसेफ' करा. मग फ्लशच्या (डिस्कवर लिहिण्याच्या) विनंतीला केराची टोपली आणि वर 'झालं हो' असं उत्तर. बेंचमार्क सुसाट पळतो, निदान होस्टची वीज जाईपर्यंत. लिहिणाऱ्यांनी धोका थेट नावातच सांगितलाय, पण सेटिंगचं नाव वाचत बसायला सवड कोणाला?

बॅकअपची चिंता नको, स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी) आहेत ना! रोज एक घ्या, जुना कधीच काढू नका. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे आणि एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमचं सॉफ्टवेअर बनवणारं खुद्द व्हीएमवेअर सांगतं, सांगू द्या. स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणाऱ्या डेल्टा फाइली मूळ डिस्कवाचून निरुपयोगी आणि बहुधा त्याच डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क ठेवायच्या जागेवर), म्हणजे गेलं तर सगळं एकदमच जाईल, शोधाशोध नको. डिस्क थिन प्रोव्हिजन केलेली (लागेल तशीच जागा घेणारी) असेल तर आणखी छान: आत निम्मी जागा रिकामी दिसत असताना बाहेर डेटास्टोअर भरतं आणि व्हीएम जागच्या जागी थिजते.

रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची चालती प्रत, हवीच, तीही प्रायमरीच्याच (मूळ डेटाबेसच्याच) होस्टवर. लॅग, म्हणजे प्रत मागे पडण्याचा वेळ, जवळपास शून्य! दोघींना वेगळं ठेवणारा अँटी-अफिनिटीचा नियम लावून त्यांची ताटातूट करण्याइतके निर्दयी होऊ नका. ऑडिटला दोन सर्व्हर, दोन आयपी, दोन हिरवे दिवे दाखवता येतात. पॉवर केबल किती, असं कोणी विचारलंच, तर ते हार्डवेअरवाल्यांचं खातं.