एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: चार पानांचं मृत्युपत्र आणि न केलेला ट्रस्ट

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं, की बावीस हजार घेऊन आम्ही चार पानांचं मृत्युपत्र हातात ठेवलं, ट्रस्ट करून टॅक्स वाचवायला नकार दिला, बाबांच्या देणगीत खोडा घातला आणि तुम्हाला चाळीस मिनिटं बाहेर बसवलं. शिवाय पहिल्या मसुद्यात तुमच्या बहिणीचं नाव चुकलं.

शेवटचं आधी घेतो. नाव चुकलं ही सरळ आमची चूक. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, हे घरोघरी असतं. ते ताडून बघायचेच तर आम्ही पैसे घेतो, आणि नेमकं तेच निसटलं. दुरुस्त मसुदा पाठवायलाही नऊ दिवस लावले. दोन दिवसांचं काम होतं. माफी मागतो.

बाहेर बसवल्याबद्दल मात्र मागणार नाही. मृत्युपत्र बाबांचं आहे. ज्याला त्यातून काही मिळणार तो खोलीत हजर असला, की उद्या दुसरा वारस कोर्टात म्हणू शकतो, ‘दबाव टाकून लिहून घेतलं.’ तुम्ही बाहेर होतात याचा फायदा तुम्हालाच आहे. हे कारण तेव्हाच बाहेर येऊन कुणीतरी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आता ट्रस्ट, म्हणजे घरच्यांसाठी मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवणं. वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर भारतात आज कर नाही. पूर्वी इस्टेट ड्युटी नावाचा तसा कर होता, तिचा सर्वात वरचा दर ८५ टक्के होता, आणि ती १९८५ साली रद्द झाली. ती परत येणार अशी हूल अधूनमधून उठते आणि त्या भीतीवर बरेच ट्रस्ट विकले जातात. जो कर नाहीच, तो वाचवायची फी आम्ही कशी घेणार? उलट लाभार्थींचे वाटे ठरलेले नसले तर अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर सहसा सर्वात वरच्या दराने कर बसतो. घरात स्वतःचा व्यवहार न पाहू शकणारं कुणी असेल तर ट्रस्ट आम्ही आपणहून सुचवतो, पण तिथे कारण सांभाळण्याचं असतं, टॅक्सचं नव्हे.

टॅक्स वाचवायला बाबांनी सुनेच्या नावावर एफडी टाकण्याचंही तेच. सासऱ्यांनी दिलेल्या रकमेवरचं व्याज सासऱ्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं.

मुलांना कर लागतो तो घर मिळताना नव्हे, विकताना. तेव्हा खरेदीची किंमत वडिलांची धरतात. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो, फक्त तो त्या दिवशीच्या सरकारी मुद्रांक मूल्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं खरेदीखत, मुद्रांकाची पावती, व्हॅल्युअरचा अहवाल, हे कागद आज जमवले तर उद्या लाखांचा फरक पडतो. बाबा हयात आहेत तोवर ‘ती फाइल कुठल्या कपाटात?’ एवढं विचारून काम होतं. चार पानांच्या मागे जाडजूड निळं फोल्डर दिलंय, ते कृपया उघडून बघा. आमचा निम्मा वेळ त्यात गेलाय.

नॉमिनी म्हणजे मालक, असं तुम्ही लिहिलंय म्हणून एक सांगतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क जात नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देईल, पण ते शेवटी कुणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

देणगीला आम्ही विरोध केला नाही. ‘मृत्युपत्रातून देण्यापेक्षा आत्ता द्या’ एवढंच म्हटलं. मृत्युपत्रातून संस्थेला पैसे मिळतात, पण बाबांना देणगीवरची प्राप्तिकरातली वजावट (८०-जी) मिळत नाही. हयातीत चेकने दिले तर मिळते, तीही जुनी कररचना निवडली असेल तरच. बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट, तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा, म्हणून मोठी रक्कम दोनतीन आर्थिक वर्षांत विभागून द्यायला सांगितलं. दोन हजारांवरची रोख चालत नाही. प्लॉट दिला तर पुण्य मिळेल, वजावट नाही. इथे आमचंही चुकलं: बाबा कुठल्या कररचनेत आहेत हे पहिल्याच भेटीत विचारायचं, ते आम्ही तिसऱ्या भेटीत विचारलं आणि तुमची एक खेप फुकट गेली. त्या खेपेचे तीन हजार बाबांच्या खात्यावर परत करतोय.

दुरुस्त मसुदा तयार आहे. सहीच्या दिवशी दोन साक्षीदार लागतील. तुम्ही, तुमची बहीण किंवा दोघांचे जोडीदार नकोत. बाबांचे कुणी मित्र असतील, शक्यतो त्यांच्यापेक्षा वयाने लहान, तर उत्तम. आणि त्या दिवशीही तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसावं लागेल.