मूलांकाला मानधन, सरांना 'बघू'

सोसायटीच्या मीटिंगमधून तणतणत आत्ताच घरी आलोय. डोकं तापलंय, सांभाळून घ्या.

शेजारच्या विंगमध्ये संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. रोजच्या जगण्यातलं संख्याशास्त्र सांगतो म्हणाले, तेही फुकट. तारीख सुचवली 29 जून, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस, देशाचा सांख्यिकी दिन. कमिटी म्हणाली, "बघू. लोकांना झेपेल असं काहीतरी हवं." आणि गाडीच्या नंबरची बेरीज करून, म्हणजे मूलांक काढून, भाग्य सांगणाऱ्या बुवाला मानधन, शाल, नारळ, सगळं एका दमात मंजूर!

झेपत नाही म्हणे. गेल्या वर्षी वहिनीचा स्क्रीनिंगचा, म्हणजे प्राथमिक चाचणीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. घरात कुणी जेवलं नाही. सर आले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला बसले. समजा 1000 बायका. त्यातल्या 10 जणींना खरंच आजार, टेस्टने 9 पकडल्या. उरलेल्या 990 मध्ये शंभरी 9 जणींना टेस्ट उगाच पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे साधारण 89. एकूण पॉझिटिव्ह 98, त्यातल्या खऱ्या आजारी फक्त 9. दहावी नापास वहिनीला हे पाच मिनिटांत कळलं. पुढची तपासणी चुकवायची नाही, हेही सरांनी दोनदा बजावलं. तिनं केली, काही निघालं नाही. निघालं असतं तरी त्या रात्री ती झोपली, हे मला जास्त मोठं वाटतं.

मान्य, सर लांबवतात. फळा दिसला की सिग्मा काढतात.

पण लासलगावच्या कांद्याचा 'सर्वसाधारण भाव' बातम्यांत ऐकून "शेतकऱ्याची मजा आहे" म्हणणारे आपणच ना? किमान भावात ट्रॉली रिकामी करून गेलेला माणूस त्या एका आकड्यात दिसतो का? आपल्या महाराष्ट्रातल्या, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत बसून जगाच्या अन्नाचे आकडे सांभाळत होते, आणि आपण मूलांक काढतोय. लाज वाटते, खरंच.

असो. कमिटीतली मंडळी वाईट नाहीत, गणपतीत हीच राबतात. गणिताच्या तासाला छड्या खाल्लेली पिढी आहे, आकडे म्हटलं की आजही अंग चोरते. वहिनीही आधी "मला नका सांगू, मी ढ आहे" म्हणाली होती.

तर 29 जूनला संध्याकाळी 6 वाजता सर आमच्या घरी बोलतील. खुर्च्या ज्येष्ठांना, बाकीच्यांना सतरंजी. गंगापूर रोडला गर्दी असते, लवकर निघा. कुणाला घरातला एखादा रिपोर्ट समजून घ्यायचा असेल तर फाइल आणा, सर म्हणालेत.