स्कीमा म्हणजे भिंत नव्हे

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: एकाच सॉफ्टवेअरवर अनेक ग्राहक असतील तर प्रत्येकाला वेगळा स्कीमा (डेटाबेसातला टेबलांचा कप्पा) द्या, डेटा आपोआप सुरक्षित राहतो, बॅकअप सोपा होतो, क्वेऱ्या (डेटा मागणारे आदेश) जलद चालतात आणि देखभालही कमी लागते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हा सल्ला तंतोतंत पाळला. १८० सोसायट्या, प्रत्येकीची ७० टेबलं. त्या अनुभवावरून सांगतो, यातला एकच मुद्दा अर्धा खरा आहे.

"डेटा आपोआप सुरक्षित राहतो."

यातलं 'आपोआप' घातक आहे. स्कीमा ही नावांची वाटणी आहे. दोन सोसायट्यांची 'सभासद' नावाची टेबलं एकाच डेटाबेसात नांदू शकतात, एवढंच त्यातून मिळतं. कोणाला काय दिसावं हे रोल (डेटाबेसातली वापरकर्त्याची ओळख) आणि ग्रँट (त्याला दिलेली परवानगी) ठरवतात. आमचं अ‍ॅप एकाच रोलने जोडलेलं होतं आणि त्या रोलला सगळे स्कीमा खुले होते. कोणत्या सोसायटीचा डेटा उघडायचा, हे फक्त सर्च पाथवर, म्हणजे टेबल कोणत्या स्कीमात शोधायचं या सेटिंगवर, अवलंबून होतं.

पुढे कनेक्शनं अपुरी पडू लागली म्हणून मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारं सॉफ्टवेअर) बसवला, ट्रान्झॅक्शन पूलिंगवर. या मोडमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या आदेशांचा गट) संपली की तेच कनेक्शन दुसऱ्याला मिळतं, पण साध्या 'सेट' या आदेशाने लावलेला सर्च पाथ त्याला चिकटून राहतो. दुसऱ्याच दिवशी एका खजिनदारांचा फोन आला: "अहो, थकबाकीच्या यादीत ही माणसं कुठली? आमच्याकडे सी विंगच नाही." त्यांनी विचारलं म्हणून कळलं. लॉगमध्ये एकही एरर नव्हती, कारण डेटाबेसच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं. एका सोसायटीची थकबाकी दुसरीच्या पदाधिकाऱ्यांनी वाचली, आणि ते परत फिरवता येत नाही.

त्याऐवजी फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरतं टिकणारं 'सेट लोकल' वापरलं की ही गळती थांबते. प्रत्येक स्कीमाला स्वतंत्र रोल दिला तर खरं संरक्षणही मिळतं. पण पीजीबाउन्सर प्रत्येक रोलसाठी कनेक्शनांचा वेगळा साठा, म्हणजे पूल, ठेवतो. १८० रोल म्हणजे १८० पूल, आणि ज्या कनेक्शनांसाठी तो बसवला ती बचत गेली.

"बॅकअप सोपा होतो."

हाच तो अर्धा खरा मुद्दा. एका ग्राहकाचा स्कीमा वेगळा काढून देणं खरंच सोपं आहे, ते मी नाकारत नाही. पण संपूर्ण डेटाबेसचा पीजी-डंप (पोस्टग्रेसचं बॅकअप साधन) घेताना प्रत्येक टेबलवर लॉक (मध्येच टेबल बदलू नये म्हणून लावलेलं कुलूप) घ्यावा लागतो. मूळ सेटिंगप्रमाणे प्रति ट्रान्झॅक्शन ६४ लॉक आणि १०० कनेक्शनं, म्हणजे साधारण ६,४०० लॉकांची जागा. आमची टेबलं १२,६००. एका रात्री डंप 'आउट ऑफ शेअर्ड मेमरी' म्हणून पडला आणि आम्ही सर्व्हरची रॅम तपासत बसलो. रॅम भरपूर होती. लॉकांची मर्यादा वाढवून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला. शिवाय 'काल दुपारी ३ वाजता होतं तसं करून द्या' अशी मागणी आली, तर पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (ठरावीक क्षणाची स्थिती परत आणणं) अख्ख्या क्लस्टरची, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांची होते, एका स्कीमाची नाही.

"क्वेऱ्या जलद चालतात."

सगळ्या सोसायट्या एकाच मोठ्या टेबलात असल्या, तरी सोसायटी आयडीपासून सुरू होणारा इंडेक्स (ओळी शोधायची सूची) असेल तर हव्या त्याच ओळींपर्यंत पोचता येतं. उलट प्रत्येक कनेक्शन हाताळलेल्या टेबलांची माहिती आपल्या मेमरीत साठवत जातं. पूलमधलं दीर्घायुषी कनेक्शन हळूहळू सगळ्या १२,६०० टेबलांना शिवतं आणि फुगत जातं.

"देखभाल कमी लागते."

एक कॉलम वाढवायचा तर १८० वेळा मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल). आमचं ११३व्या स्कीमावर अडकलं, कारण तिथे कोणीतरी ग्राहकाच्या आग्रहाखातर तोच कॉलम आधीच हाताने घातला होता. उरलेली रात्र कोणता स्कीमा कोणत्या आवृत्तीवर आहे, हे जुळवण्यात गेली.

ग्राहक पंधरा-वीसच असतील आणि त्यांच्या टेबलांची रचनाच वेगळी असेल, तर स्कीमा जरूर वापरा. करारातच डेटा वेगळा ठेवण्याची अट असेल, तर सरळ वेगळा डेटाबेस द्या. बाकीच्यांसाठी सामाईक टेबलं, प्रत्येक ओळीत ग्राहकाचा आयडी आणि ९.५ आवृत्तीपासून (२०१६) उपलब्ध असलेली रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारे डेटाबेसातलेच नियम. मात्र टेबलाच्या मालक रोलला तिचे नियम लागू होत नाहीत, त्यासाठी 'फोर्स' वेगळं लावावं लागतं. अ‍ॅपचा रोल मालक नसलेलाच बरा. आम्ही आता तिकडेच वळतो आहोत. प्रत्येक रिलीजआधी अ‍ॅपच्याच रोलने लॉगिन करून, सोसायटी न सांगता, सभासदांची क्वेरी चालवतो. एक जरी ओळ आली, तरी रिलीज थांबतो.