म्हणे जॉन ओट्सने काहीच केलं नाही!

माझा १६ वर्षांचा भाचा मित्रांच्या बँडमध्ये ऱ्हिदम गिटार, म्हणजे साथीची गिटार, वाजवतो. परवा त्याने मला एक फिरत आलेली पोस्ट पाठवली आणि खाली विचारलं, ''मामा, मीही असाच ठरणार का?'' पोस्टचा सूर असा: 'हॉल अँड ओट्स' या अमेरिकन पॉप गायकांच्या जोडीतला जॉन ओट्स म्हणजे हॉलशेजारी उभी नुसती मिशी. गाणी सगळी डॅरिल हॉलची, गिटार दुसऱ्यांची, आणि शेवटी याने हॉललाच दगा दिला. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

गाणी लिहिली नाहीत? अरे, रेकॉर्डवर छापलेली नावं तरी वाचा! या जोडीची सहा गाणी बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली आली. त्यातल्या 'आय कान्ट गो फॉर दॅट', 'मॅनईटर' आणि 'आउट ऑफ टच' या तिन्हींच्या गीतकारांत ओट्स आहे. 'सारा स्माइल'वर त्याचं नाव आहे, 'यू मेक माय ड्रीम्स'वरही आहे. 'मॅनईटर'ची मूळ कल्पना त्याचीच. त्याने ती रेगे या जमैकन संगीताच्या ठेक्यावर बांधली होती, हॉलने ठेका बदलला.

'शीज गॉन'ची हकीकत तर ओट्सने २०१७ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये भेटलेली एक मुलगी नववर्षाच्या आदल्या रात्री येते म्हणाली आणि आलीच नाही. हा गिटार घेऊन बसला आणि ध्रुवपद सुचलं. पुढचं गाणं दोघांनी मिळून पुरं केलं. १९७४ मध्ये टवारेस या गटाने ते गायलं आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या संगीतप्रकाराच्या यादीत ते पहिलं आलं. हे 'काहीच नाही'?

बरं, हॉल सोबत नसताना काय? आइसहाउस या ऑस्ट्रेलियन बँडच्या आयव्हा डेव्हिसबरोबर ओट्सने 'इलेक्ट्रिक ब्लू' लिहिलं. ते ऑस्ट्रेलियात पहिलं आलं आणि अमेरिकेत सातवं. पोस्टवाल्याने याचा उल्लेखच केलेला नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. सहाही गाण्यांत मुख्य आवाज हॉलचा आहे, 'रिच गर्ल' आणि 'किस ऑन माय लिस्ट' ओट्सने लिहिलेली नाहीत, आणि ऐंशीच्या दशकातली लीड (मुख्य) गिटार बरीचशी त्यांच्या बँडमधल्या जी. ई. स्मिथची आहे. पण म्हणून ओट्स गिटारवादक नाही? फिलाडेल्फियात जेरी रिक्स या गिटारवादकाकडून तो जुनं ब्लूज संगीत शिकला आणि २०१८ मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज गायकाच्या आठवणीत त्याने 'आर्कन्सा' हा अल्बम काढला. १९८० चं 'हाऊ डझ इट फील टु बी बॅक' तर त्यानेच लिहिलं आणि त्यानेच गायलं.

राहिला दगा. २०२३ मध्ये ओट्स दोघांच्या कंपनीतला आपला हिस्सा प्रायमरी वेव्ह या गाण्यांचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला विकायला निघाला, म्हणून हॉल नॅशव्हिलच्या न्यायालयात गेला. कराराचा भंग झाला हा हॉलचा आरोप, आणि ओट्सने तो नाकारला. भागीदारीतल्या या भांडणावरून पन्नास वर्षांचं संगीत पुसून टाकायचं?

भाच्याला मी ही सगळी गाणी पाठवली. त्यांच्या बँडच्या नव्या गाण्याची चाल त्यानेच बांधली आहे. ''वहीत गाण्याखाली तुझं नाव लिहिलंस का?'' एवढंच मी त्याला विचारलं. नव्हतं लिहिलं. आता लिहिलंय.